पाच दिवसांचे लाल गोल

पिकेट बेंडमध्ये काळ्या माणसाचं असं एकही घर नाही, जिथे मर्तिकवाल्या प्रॉक्टरांचं कॅलेंडर भिंतीवर नाही. नाताळ उरकला की थोरले प्रॉक्टर स्वतः चर्चच्या दारात उभे राहून ते वाटतात. वर त्यांचा सोन्याचा दात दाखवणारा फोटो, खाली फोन नंबर. लोक घेतात कारण फुकट मिळतं, आणि ते देतात कारण घेणारा प्रत्येक जण कधी ना कधी गिऱ्हाईक होणारच असतो.

अर्नेल टिलमनच्या स्वयंपाकघरात ते फ्रीजशेजारी टांगलेलं होतं. त्या वर्षी त्याने त्यावर लाल पेन्सिलीने गोल काढायला सुरुवात केली. पोरीच्या पाळीचे दिवस. लपवून नाही, दारातून आत येणाऱ्या कुणालाही दिसतील असे. पोर पंधरा वर्षांची, नाव अर्निशा, बापाच्याच नावावरून ठेवलेलं.

आता लगेच नाक मुरडू नका. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला मला इतकी जड गेली नसती.

अर्नेल कॅटफिशच्या तळ्यांवर मुकादम होता. चौदा तळी, एकेक तळं फुटबॉलच्या मैदानाहून मोठं. उन्हाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन उतरला की हे मासे तासा-दोन तासांत मरतात. म्हणून सारखं गाडी थांबवून उतरायचं, मीटरची वायर पाण्यात सोडायची, आकडा वहीत लिहायचा. आकडा तीनच्या खाली आला की पाणी घुसळणारी चक्रं चालू करायची. वीस वर्षं हे केलेल्या माणसाचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास उरतो, ती म्हणजे वहीतला आकडा.

आणि आकडाही फसवतो, हे त्याने एकदा पाहिलं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी होझिया पिकन्स नावाच्या म्हाताऱ्याने अकरा नंबरच्या तळ्याचे आकडे मीटर न बुडवताच लिहिले. चार पॉइंट दोन, चार पॉइंट तीन, सगळं आलबेल. सकाळी तळ्यावर पांढरी पोटं तरंगत होती, या काठापासून त्या काठापर्यंत. होझिया सदुसष्ट वर्षांचा, अर्नेल त्याला लहानपणापासून काका म्हणायचा, पण त्या दिवशी अरे-तुरेवर आला. सगळ्या माणसांसमोर त्याला काठावर उभं करून त्याच्याच हस्ताक्षरातले आकडे मोठ्याने वाचायला लावले. म्हातारा वाचत होता आणि समोर मासे कुजत होते. मग त्याला घरी पाठवलं, कायमचं.

अर्नेलची बायको रोशेल नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. रक्त थांबत नाही असं ती तीन तास सांगत होती, आणि नर्स तिला सांगत होती की बाळंतिणीला एवढं जातंच. अर्नेल म्हणायचा, माझ्या बायकोला दवाखान्याने मारलं. त्याचं काही चुकत नव्हतं. पण तिच्या रक्तातच एक दोष होता, ते गोठायला वेळ लावायचं, आणि असा दोष आईकडून पोरीकडे येतो, हे पिकेट बेंडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांनी विचारलं नव्हतं.

अर्निशाला पाळी सुरू झाली तेव्हापासून ते सगळं अर्नेलची थोरली बहीण अर्लीन बघायची. दोन गल्ल्या सोडून राहायची. पोरीला आईसारखंच फार जातं हे तिच्या लक्षात आलं होतं. ती तिला लिव्हर आणि पालेभाजी खाऊ घालायची, जुने टॉवेल फाडून द्यायची, आणि डॉक्टरकडे ने रे हिला एकदा, असं भावाला दोनदा म्हणाली होती. अर्नेलने दोनदा मान हलवली होती. बायकांच्या गोष्टीत पडायचं नाही, ही पिकेट बेंडमधल्या पुरुषांची जुनी रीत.

ती रीत मोडायला लुशस टेट आला. तालुक्याच्या आरोग्य खात्याचा माणूस, स्वतः तीन पोरींचा बाप. जानेवारीपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्याने पुरुषांचा वर्ग सुरू केला. बाप, आजोबा, मामा, ज्याच्या घरात वाढती पोर आहे त्याने यायचं. तळलेला मासा आणि बटाट्याचं सॅलड मिळतं म्हणून पहिल्या दिवशी सव्वीस जण आले. लुशसने त्यांना सरळ सांगितलं. आपल्या काळ्या पोरींना दवाखान्यात कुणी विचारत नाही, त्यांनी सांगितलं तर कुणी ऐकत नाही, दुखतंय म्हटलं तर नाटक समजतात. तेव्हा घरातल्या पुरुषाने तिच्या पाठीशी उभं राहायला शिकलं पाहिजे. पाळी म्हणजे काय, किती दिवस, कुठली लस कधी, कुठला रोग कशाने होतो, सगळं त्याने पडद्यावर दाखवलं. माणसं खाली बघत होती, बुटांनी फरशी घासत होती. शेवटी तो म्हणाला, एवढं सगळं विसरलात तरी चालेल, दोन गोष्टी लक्षात ठेवा.

"विचारा. आणि ती जे सांगेल ते ऐकताना तोंडावरची रेघ हलू देऊ नका."

अर्नेलने पहिली गोष्ट अशी घट्ट धरली की दुसरीला हात रिकामा राहिला नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते हेच. त्याच संध्याकाळी तो अर्लीनकडे गेला आणि म्हणाला, आजपासून पोरीचं हे सगळं मी बघणार, मी शिकून आलोय. अर्लीन हसली. मग तो हसत नाहीये हे बघून तिने टॉवेलांची पिशवी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. दुकानातून स्वतः पॅडचं पुडकं आणलं, पिशवीत न घालता, हातात मिरवत. महिन्याला एक पुडकं. लुशसने वर्गात वाटलेल्या कागदावर तेवढंच पुरतं असं लिहिलं होतं.

जानेवारीत अर्निशाने त्याला खरं सांगितलं. तिला बरंच वाटलं होतं सुरुवातीला. बाप विचारतोय, चहाच्या वेळी घरातली गोष्ट विचारावी तसा. ती म्हणाली, नऊ दिवस. त्याने नऊ गोल काढले आणि मागे सरून बघत राहिला. लुशसच्या कागदावर तीन ते सात लिहिलं होतं. नऊ कसे झाले, त्याने विचारलं, मोजायला चुकलीस का, काही खाल्लंस का भलतंसलतं? फेब्रुवारीत दहा झाले. त्याने पेन्सिल टेबलावर आपटली नाही, नुसती ठेवली, पण ठेवण्याची एक तऱ्हा असते.

मार्चमध्ये पाळी थांबली आणि आठ दिवसांत परत सुरू झाली. ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. बँडची पँट पांढरी. सरावातून अर्ध्यातच तिने बापाला फोन केला, तो गाडी घेऊन आला, आणि ती बसायच्या आधी त्याने सीटवर गोणपाट टाकलं. पडद्यावरचं एक चित्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मधेच रक्त जाणं हे रोगाचंही लक्षण असू शकतं, आणि तो रोग पुरुषाकडून येतो. लुशसने आणखी पाच कारणं सांगितली होती. बापाला एकच आठवलं. सगळ्या बापांना तेच आठवतं.

"कोण पोरगा?" त्याने विचारलं.

ती म्हणाली कुणीच नाही. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा कुणीच नाही. तिच्या क्लॅरिनेटची पेटी घरापर्यंत आणून देणारा टॅव्हिस नावाचा एक पोरगा होता, एवढं त्याला माहीत होतं. एवढंच माहीत होतं. तळ्यावरचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेले असतानाच तो टॅव्हिसच्या घरी गेला. पोर गाडीत बसून होती, काच खाली होती. टॅव्हिसची आजी मिस ओडेसा ओसरीत शेंगा सोलत होती, शेजारच्या दोघी बसल्या होत्या. तुझ्या नातवाने माझ्या पोरीला काय केलं की तिला भलत्या वेळी रक्त जातंय, असं त्याने तिथे उभं राहून विचारलं. आवाज बारीक ठेवायची त्याला सवय नव्हती. तळ्यांवर चक्रांच्या आवाजात बोलून बोलून घसा तसाच झाला होता.

मिस ओडेसाने हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

"अर्नेल, तुझ्या पोरीचं रक्त तू माझ्या ओसरीवर कशाला आणलंस?" ती म्हणाली. "जा, घरी घेऊन जा."

रविवारपर्यंत गावभर झालं. शाळेत पोरी अर्निशाला कॅलेंडर म्हणायला लागल्या. आज किती तारीख गं, कॅलेंडर? टॅव्हिसने पेटी उचलणं सोडलं, मग बोलणं सोडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते पंधराव्या वर्षी त्या पोरीला कळलं. आणि आणखी एक गोष्ट कळली, बापाला काय हवंय ते. त्याला पाच हवे होते.

एप्रिलपासून तिने त्याला पाच द्यायला सुरुवात केली. पाच दिवस, बरोबर अठ्ठावीस दिवसांनी. डॅडी, आज सुरू झाली. डॅडी, आज संपली. खरं तर ती महिन्यातले पंधरा पंधरा दिवस भिजत होती. पॅड शाळेच्या नर्सकडून मागायची, चर्चच्या बायकांच्या मोरीतून उचलायची, जुन्या चादरी फाडायची, ते सगळं रात्री धुऊन कपडे धुण्याच्या मशीनमागे वाळत घालायची. आत्याकडे मागायला ती गेली नाही. आत्या भावाला बोलली असती, आणि भाऊ पुन्हा रबरी बूट घालून कुठे गेला असता कोण जाणे. जिना चढताना तिला धाप लागायची. बँडमध्ये लांब सूर धरता येईना म्हणून मास्तरांनी तिला मागच्या रांगेत टाकलं. तिचा रंग उतरला होता, पण काळ्या कातडीवरचा फिकेपणा दिसायला बघणाऱ्याला मायेने बघावं लागतं. अर्नेल भिंतीकडे बघत होता. भिंतीवर एप्रिल, मे, जून, पानामागून पान छान बसले होते.

जूनमध्ये वर्गाचा शेवटचा दिवस होता. घरात काय बदललं ते प्रत्येकाने सांगायचं होतं. अर्नेलने भिंतीवरचं कॅलेंडरच उचलून नेलं. जानेवारी ते मार्च झरझर उलटून त्याने पुढचे तीन महिने दाखवले. माणसांनी शिट्ट्या मारल्या. एक जण म्हणाला, आम्हाला आमच्या बायकांचं माहीत नाही आणि हा बघा. लुशसने कॅलेंडर हातात घेतलं, थोडा वेळ बघितलं.

"हे गोल तुम्ही काढता की ती?" त्याने विचारलं.

"ती सांगते, मी काढतो."

"आणि सांगते तेव्हा तुमचं तोंड कसं असतं?"

सगळे हसले. अर्नेलही हसला, म्हणाला की देवाने दिलंय तसंच असतं. लुशसला मागची पानं उलटून बघावीशी वाटली असणार. पण केक कापायचा होता, खात्याचा फोटोवाला खोळंबला होता, आणि सव्वीसातले अकरा टिकले होते, त्यांतला हा सगळ्यांत हुशार. त्याने अर्नेलच्या हातात प्रमाणपत्र दिलं. दुसऱ्या हातात कॅलेंडर. फोटो निघाला.

त्या उन्हाळ्यात अर्निशाचा घसा चौथ्यांदा सुजला. गिळता येईना. साठ मैलांवरच्या शहरातल्या डॉक्टरने टॉन्सिल काढायला सांगितलं. सोपं काम, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी, आठवडाभर आइस्क्रीम. शाळा सुरू व्हायच्या आधी उरकू, अर्नेल म्हणाला.

ऑपरेशनच्या आधी एका नर्सने यादी घेऊन प्रश्न विचारले. तिने आधी अर्नेलला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. या वयाच्या मुलींशी आम्ही एकटं बोलतो, ती म्हणाली. लुशसनेही वर्गात हे सांगितलं होतं, डॉक्टर बाहेर जा म्हणाला तर जा. पण रोशेल एका बंद दाराच्या आत मेली होती आणि तो बाहेर बसला होता. तो उठला नाही. आमच्यात लपवाछपवी नाही, तो म्हणाला, मी वर्ग केलाय. नर्सला पुढची चार पोरं उरकायची होती. तिने खांदे उडवले.

घरात कुणाला रक्तस्रावाचा त्रास? नाही, अर्नेल म्हणाला. आई? आई बाळंतपणात गेली, तुमच्यासारख्यांच्याच दवाखान्यात. नर्सने मान खाली घालून काहीतरी लिहिलं, आणखी विचारलं नाही. मग तिने पोरीकडे बघितलं.

"पाळीत फार जातं का? सात दिवसांपेक्षा जास्त?"

प्रश्न पोरीला होता. तिने तोंड उघडलं. मी तुम्हाला सांगतो, तिने खरोखर तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात अर्नेलने कागदी पिशवीतून प्रॉक्टरांचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. असं काही विचारतील म्हणून तो घरूनच घेऊन आला होता. पानं उलटत त्याने बोट ठेवलं. एप्रिल, मे, जून, जुलै.

"पाच दिवस. घड्याळासारखे. सांग त्यांना, बेटा."

त्याचं तोंड तेव्हा अभिमानाने फुललं होतं. मार्चपासून पोरीने ते तसं पाहिलं नव्हतं.

"पाच दिवस," अर्निशा म्हणाली.

नर्स म्हणाली, असे बाप सगळ्यांना मिळाले तर आमचं काम किती सोपं होईल. तिने चौकोनात खूण केली. रक्ताची तपासणी कुणी केली नाही. ठणठणीत पोरीची कशाला करायची?

ऑपरेशन नीट झालं. जखमेवरची खपली पाचव्या-सहाव्या दिवशी निघते, तेव्हा थोडंही रक्त दिसलं तरी लगेच दवाखान्यात आणा, असं कागदावर ठळक लिहिलं होतं. अर्नेलने तो कागद फ्रीजवर लावला. पाच दिवस तो घरी थांबला, पोरीला बर्फ दिला, पातळ खीमट करून चमच्याने भरवलं, तिच्यासाठी टीव्ही आत आणून ठेवला. हे सगळं त्याने केलं. सहाव्या दिवशी तळ्यांवर उष्म्याने पाणी जड झालं, आकडे उतरायला लागले, त्याला जावं लागलं. अर्लीन दुपारी येऊन बघेल असं ठरलं.

अर्निशाला सकाळी नऊला तोंडात लोखंडाची चव आली. ती मोरीत जाऊन थुंकली. लाल. ती या घरात गेले पाच महिने रक्ताचं काय करत होती? धूत होती, पुसत होती, लपवत होती. हातांना दुसरं काही येतच नव्हतं. तिने नळ सोडला.

दहाला अर्नेलने तळ्यावरून फोन केला.

"रक्त वगैरे नाही ना गं?"

"नाही डॅडी."

"नक्की? थुंकीत बघितलंस?" मागे चक्रं धडधडत होती आणि तो त्यांच्या आवाजाच्या वरताण ओरडत होता. "नीट बघून सांग. काही भलतंच करून ठेवू नकोस."

"काही नाही डॅडी. ठीक आहे."

त्याने फोन ठेवला आणि सात नंबरच्या तळ्यात मीटर सोडलं. आकडा पाच होता. त्याला बरं वाटलं.

अर्लीन एक वाजता कस्टर्डचं भांडं घेऊन आली. मोरीचं दार आतून लावलेलं नव्हतं. बेसिन घासून स्वच्छ केलेलं होतं, नळाची तोटीसुद्धा पुसलेली. पोर खाली टबाला टेकून बसली होती, गुडघ्यांवर हात घेऊन. बरंच रक्त तिने गिळलं होतं. बाकीचं टॉवेलांनी टिपून, ते पिळून पिळून मशीनमागे टाकले होते. तालुक्याचा दवाखाना चार वर्षांपूर्वीच बंद पडलेला, ॲम्ब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली. अर्लीनने तिला मांडीवर धरून ठेवलं. पोर एकदाच बोलली. आत्या, डॅडींना सांगू नकोस, असं म्हणाली.

ती रस्त्यातच गेली.

शहरातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर अर्नेलला बाजूला घेऊन बसला. तो काळाच होता, दमलेला होता, आणि त्याने तोंडावरची रेघ हलू दिली नाही. एवढ्याशा जखमेतून एवढं रक्त जात नाही, तो म्हणाला, तिचं रक्त गोठत नसावं. तिला पाळीत फार जायचं का?

"पाच दिवस," अर्नेल म्हणाला.

अर्लीनच्या हातात प्लास्टिकची एक काळी पिशवी होती. ती ॲम्ब्युलन्समध्ये बसतानाही तिने सोडली नव्हती. तिने ती भावाच्या मांडीवर उलटी केली. मशीनमागे सापडलेले आजचे टॉवेल होते, ओले. त्यांच्याखाली फाडलेल्या चादरी होत्या, मोजे होते, बँडच्या पांढऱ्या पँटचा एक पाय होता. कितीही धुतलं तरी न गेलेले डाग, महिन्यामहिन्यांचे.

"घे," ती म्हणाली. "काढ गोल."

मर्तिकाचं सगळं प्रॉक्टरांनीच केलं. पोरीच्या गळ्याभोवती त्यांनी पांढरी लेस लावली होती. चर्चमध्ये बायकांनी पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घातला, त्या पंख्यांवरही प्रॉक्टरच हसत होते. टॅव्हिस शेवटच्या बाकावर बसला होता. मिस ओडेसा अर्नेलजवळ आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लुशस दारातच उभा राहिला, आत येण्याचं त्याचं धाडस झालं नाही. नंतर बाहेर गाठून अर्नेलने त्याला विचारलं, मी दर महिन्याला विचारत होतो, भाऊ, मी विचारत होतो ना? लुशस हो म्हणाला. आणखी काय म्हणणार?

नाताळानंतरच्या रविवारी चर्चच्या दारात दोन गोष्टी मिळत होत्या. थोरले प्रॉक्टर नवीन कॅलेंडर देत होते. आणि टेबलावर आरोग्य खात्याच्या घडीपत्रकांचा गठ्ठा होता, जूनमध्येच छापायला गेलेला, आत्ता आलेला. कुणाच्या लक्षातच आलं नाही की आधी उघडून बघावं. वर अर्नेलचा फोटो, एका हातात प्रमाणपत्र, दुसऱ्या हातात कॅलेंडर, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, बाप असावा तर असा. लोक ते उचलत होते, बघत होते, आणि अर्नेल येताना दिसला तसे घडी करून कोटाच्या खिशात कोंबत होते. त्याने एक घेतलं. कॅलेंडरही घेतलं. थोरल्या प्रॉक्टरांनी सवयीने म्हटलं, नवीन वर्ष सुखाचं जावो.

तो घरी गेला नाही. रेल्वेच्या रुळांपलीकडे होझिया पिकन्सचं घर होतं, तिकडे गेला. म्हातारा पायरीवर बसून अक्रोडासारखे पिकॅन फोडत होता. अडीच वर्षांत दोघं बोलले नव्हते. अर्नेल अंगणात उभा राहिला, दोन्ही कागद अजून हातातच होते.

"होझिया काका, एक विचारायचंय. तुम्ही ते आकडे खोटे का लिहिलेत?"

होझियाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पोरीबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं, गावात कुणाला नव्हतं? राग धरायचा तर हाच दिवस होता. पण त्याने सांगताना शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही.

"पहिल्यांदा खरा लिहिला होता. दोन पॉइंट आठ. तू गाडीतून उतरलास आणि म्हणालास, काका, तळ्याला काय करून ठेवलंत? खाद्य जास्त टाकलंत ना? मी काहीच केलं नव्हतं रे. मी नुसतं मोजलं होतं." त्याने एक पिकॅन फोडला, गर बाजूला ठेवला. "दुसऱ्या दिवशी परत खरा लिहिला. तू सगळ्यांसमोर माझ्या हातातून मीटर ओढून घेतलंस. तिसऱ्या दिवशी मी चार पॉइंट दोन लिहिला. तू वही बघितलीस, शाब्बास म्हणालास, आणि तुझ्या थर्मासातली कॉफी मला दिलीस."

"मासे मरतील हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं की."

"मग?"

"मासे नंतर मरणार होते, अर्नेल," म्हातारा म्हणाला. "तू समोर उभा होतास."

अर्नेल तिथेच खाली मातीत बसला. होझियाने थोडं सरकून त्याच्यासाठी पायरीवर जागा केली, पण तो उठून तिथे गेला नाही.